ठाणे कोर्टात वकिली करणारा माणूस आमदार झाला तर वकिली सोडावी लागते का?

नाही, आमदार झाल्यावरही कोर्ट नाक्यावरची वकिली चालू ठेवता येते. सनद (वकिलीचा परवाना) जमा करावी लागत नाही. बार कौन्सिलचा नियम 49 पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्या वकिलाला लागू होतो. आमदार-खासदार त्यात मोडत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

खरी अडचण सरकारी पॅनेलवरच्या, म्हणजे सरकारच्या बाजूने खटले चालवणाऱ्या वकिलांची. पॅनेलवरचं ते काम लाभाचं पद (सरकारकडून आर्थिक फायदा देणारं पद) धरलं गेलं तर राज्यघटनेच्या कलम 191 खाली आमदारकीसाठी अपात्रता येऊ शकते, आणि पात्रता उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या तारखेला बघतात. म्हणून अर्ज भरण्याआधीच पॅनेलचा राजीनामा द्यावा आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात ठेवावं. नुसती पोच दाखवली की विरोधक हमखास हरकत घेतात.

निवडून आल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक वकीलपत्रावर ज्युनियरचं नाव आणि सही घेणं. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, आणि वकीलसाहेब सभागृहात आहेत म्हणून कोर्टाकडून पुढची तारीख मिळेलच असं नाही. साक्षीदार पिंजऱ्यात, उलटतपासाला कोणी नाही, आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘उलटतपास नाही’ अशी नोंद! नुकसान बिचाऱ्या पक्षकाराचं होतं.