मध्यस्थी, मध्यस्ती आणि नावारिनोच्या तोफा

एका वाचकाने विचारले आहे: 'ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटन, फ्रान्स व रशियाने मध्यस्ती केली' असे वाक्य वाचले. यात 'मध्यस्ती' बरोबर की 'मध्यस्थी'? आणि तोफाच चालल्या असतील तर सरळ 'हस्तक्षेप' का म्हणू नये?

हे 'मध्यस्ती' वाचून वाचून डोळे शिणले. बातम्यांच्या पट्ट्यांवर तेच, अग्रलेखांतही तेच. लग्न जुळवणारा मध्यस्थ ('मध्यस्थ क्षमस्व'वाला) सर्वांना ठाऊक आहे, तो सोडतो. खरी गंमत 'स्थ'मध्ये आहे: मध्ये उभा राहणारा. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' शेजारी शेजारी येतात. शंकराचार्य त्यांचा निवाडा चोख करतात: उदासीन कोणाचीच बाजू न घेणारा, मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचेही हित पाहणारा. म्हणजे पाय मध्ये आणि हात आपल्यापाशी.

आता नावारिनो, म्हणजे ग्रीसच्या किनाऱ्यावरचा उपसागर. 6 जुलै 1827 च्या लंडन करारात तिन्ही राष्ट्रांनी देऊ केली ती मध्यस्थीच. ग्रीकांना ती हवीच होती. ग्रीकांवर राज्य करणारा तुर्की सुलतान महमूद दुसरा याचे म्हणणे असे, की बंडखोर आमची रयत. धनी आणि रयत यांच्यात तिसऱ्याचे काय काम? पण कराराला एक गुप्त कलमही होते: मुदतीत तहकुबी झाली नाही, तर दोन्ही बाजूंना एकमेकांवर चालून जाऊ द्यायचे नाही, मात्र आपण लढाईत पडायचे नाही. न लढता अडवायचे कसे? इस्तंबूलमधला ब्रिटिश वकील (जुन्या, पेशवाईतल्या अर्थाने) स्ट्रॅटफर्ड कॅनिंग याने आरमाराला कळवले, बाकीचे उपाय थकले की तोफेने.

20 ऑक्टोबरला दुपारी तिन्ही राष्ट्रांचे आरमारप्रमुख, इंग्रज कॉड्रिंग्टन, फ्रेंच द रिन्यी आणि रशियन हेडन, 27 जहाजे घेऊन उपसागरात शिरले आणि तुर्की-इजिप्ती आरमाराच्या अर्धगोलात नांगर टाकून बसले. समोर एक जहाज होते, पेटवून अंगावर सोडायचे. ते हलवा, म्हणून सांगायला इंग्रजांची होडी गेली, तिच्यावर बंदुका झडल्या, आणि दिवेलागणीपर्यंत तुर्की-इजिप्ती आरमाराची राखरांगोळी झाली होती. मध्यस्थांचे एकही जहाज बुडाले नाही.

इथेच माझा लाडका सिद्धांत येतो. 'मध्यस्ती' ही नुसती चूक नाही, तो 'जबरदस्ती'च्या यमकाने ओढलेला शब्द आहे. 'जबरदस्त' फारसी: 'जबर' म्हणजे वर, 'दस्त' म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त. आणि हा 'दस्त' आपल्या संस्कृत 'हस्ता'चा सख्खा भाऊ. 'दस्तऐवज'ही त्याच घरचा. म्हणजे 'मध्यस्ती'त 'स्थ'चा पाय जातो आणि 'दस्त'चा हात येतो! लंडनला सह्या झाल्या त्या मध्यस्थीवर, उपसागरात घडली ती मध्यस्ती.

यावर 'कसली व्युत्पत्ती, लोक स्त-स्थचा घोळ घालतातच, उद्ध्वस्तचे उद्ध्वस्थ करतात' असे म्हणून हात झटकणारे पंडित मला भेटले आहेत. अहो, 'उद्ध्वस्थ' करणारा शुद्ध दिसायच्या हौसेने बिघडवतो, 'मध्यस्ती' करणारा कानाने. दोन रोगांना एकच गोळी देणाऱ्याला मी वैयाकरण म्हणत नाही.

'हस्तक्षेप' राहिलाच. क्षेप म्हणजे टाकणे. हस्तक्षेप म्हणजे हात टाकणे. अंगावर हात टाकणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. तेव्हा नावारिनोला खुशाल हस्तक्षेप म्हणा. ब्रिटिश सरकारला मात्र तोही शब्द झेपला नाही: जानेवारी 1828 मध्ये संसदेपुढे राजाचे भाषण झाले, त्यात या लढाईची वासलात एक 'अनिष्ट प्रसंग' एवढ्यावर लावली होती.

आणि हो, लिहिताना 'थ'.