एकाची तलवार, तिघांच्या जांभया

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण भुसावळला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवायचा, फाशांचा खेळ खेळतो, २०१४ च्या नियमांनी. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. मोहीम घरचीच आहे: बुऱ्हाणपूरहून सुरतेला निघालेला कापडाचा काफिला, तापीच्या काठाकाठानं. आमचा एक मित्र आठवडाभर मोबाइलवर बिल्ड, म्हणजे पात्राची सगळ्यात फायद्याची जुळणी, शोधतो. त्याचा फायटर (लढवय्या) पहिल्या लेव्हललाच ग्रेट वेपन मास्टर (नेम कमी करून जबर नुकसान करणारा मोठा घाव घालायचं कसब) घेऊन आला आणि एका घावात ऑर्क (राक्षसी शत्रू) आडवा करतो. बाकीचे तिघं जांभया देतात. शत्रूंचं चिलखत वाढवू, की त्याची तलवारच चोरीला घालवू?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: दोन्ही नको, भाऊ. तलवार चोरलीत तर तो पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी शोधून येईल, मग तुमच्या दोघांचीच जुंपेल आणि काफिला राहील वाऱ्यावर. चिलखताचं तर विचारूच नका. ऑर्कचा आर्मर क्लास, म्हणजे घाव लागायला वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा आकडा, १३ असतो. तो तुम्ही १८ केलात, तर ज्या गरीब बिचाऱ्याला फाशावरच्या आकड्यात फक्त ३ ची भर घालता येते त्याचा नेम ५५ टक्क्यांवरून ३० वर येईल. तुमचा पैलवान मात्र मोठा घाव सोडून साधा घाव घालेल आणि ४० टक्के वेळा लागेल. म्हणजे शिक्षा कुणाला झाली?

मी शिकवण्या घेते गणिताच्या, तेव्हा जरा आकडे मांडू द्या. त्याची ताकद १६ धरते, म्हणजे फाशात ५ ची भर; हातात ग्रेटसोर्ड, तिचं नुकसान सहा बाजूंचे दोन फासे अधिक ३. साधा घाव ६५ टक्के वेळा लागतो आणि सरासरी १० नुकसान करतो, म्हणजे दर खेपेला ६.५. मोठ्या घावात फाशातून ५ वजा, नुकसानीत १० जास्त. तो ४० टक्के वेळा लागतो, सरासरी २०, म्हणजे दर खेपेला ८. क्रिटिकल (फाशावर २० पडला की होणारं जादा नुकसान) हिशेबात धरलेला नाही. एवढ्या बोभाट्यामागे फरक आहे दीडचा! मग भीती कशाची वाटते? नुकसानीच्या दोन्ही फाशांवर एकेक पडला तरी २ अधिक ३ अधिक १० म्हणजे १५, आणि ऑर्कचे हिट पॉइंट (अंगातला जीव) बरोबर १५. घाव लागला की ऑर्क मेलाच. टेबलावर तेवढंच लक्षात राहतं; शंभरातले हुकलेले साठ कुणी मोजत नाही.

आता खरी गंमत. क्लेरिकनं (पुजारी पात्रानं) त्याच्यावर ब्लेस (आशीर्वादाचा मंत्र) टाकला की फाशात एक डी-४ (चार बाजूंचा फासा) मिळतो आणि ८ चे १०.५ होतात. कुणी ऑर्कच्या पाच फुटांत घुसून नुसती हेल्प केली, तरी त्याला दोन फासे टाकून मोठा घेता येतो; मग ४० चे ६४ टक्के आणि नुकसान १२.८. हेल्पला काही बिल्ड लागत नाही, छाती लागते. तेव्हा डी-४ मुळे घाव लागला तर तुम्ही मोठ्यानं सांगा, ‘हा घाव क्लेरिकचा.’ हेल्प करणाऱ्याला विचारा, नक्की काय केलंस? ऑर्कच्या डोळ्यांत वाळू फेकलीस की पाय ओढलास? त्याला बोलू द्या, मग फासा. तुमच्या आकडेपंडितालाही हे पटकन कळेल, कारण फायदा त्याचाच आहे. पुढच्या वेळी तो मित्रांची पात्रं मजबूत करायला स्वतः बसेल. असली माणसं मुळात वाईट नसतात, त्यांना हिशेबाला काम हवं असतं.

आणि त्याची शीट (पात्राचे आकडे लिहिलेला कागद) एकदा नीट वाचा. पॉइंट बायमध्ये, म्हणजे पात्राच्या सहा क्षमता विकत घेताना, २७ गुण मिळतात, १५ ला ९ पडतात. तीन ठिकाणी १५ घेतले की उरलेल्या तिन्हीत ८. बहुतेक त्यानं करिष्मा (बोलून छाप पाडायची क्षमता) ८ वर ठेवला असणार. काफिल्याला जकात नाके लागतातच. नाक्यावर जो तोंड उघडेल त्यानंच फासा टाकायचा, एवढा नियम पाळा. मुद्दाम त्याच्या तोंडी संवाद घालून फजिती मात्र करू नका, तो क्षुद्रपणा झाला.

प्रश्न: मी कॉलेजच्या नाटकात काम करते. आमच्या या खेळाच्या गटातली मैत्रीण म्हणते, बिल्ड जुळवणारीला भूमिका जगता येत नाही. खरंय का?
– एक वाचक, धुळे

उत्तर: साफ चूक. तू म्हणतेस, ‘मी नंदुरबारची नामांकित तिरंदाज’, आणि शीटवर डेक्स्टेरिटी (चपळाई) १०, म्हणजे बोनस शून्य. पहिल्याच झाडीत तुझी भूमिका उघडी पडेल. चांगला बिल्ड म्हणजे तू जे सांगतेस ते फाशानंही म्हणावं, एवढंच. अशा खेळांवर लिहिणाऱ्या ग्लेन ब्लॅको यांनी १९८० मध्ये खेळाडूंच्या चार तऱ्हा मांडल्या: भूमिका, गोष्ट, ताकद आणि डावपेच. मला तरी एकाच तऱ्हेचा माणूस अजून भेटायचाय. आणि हिशेबाचं-कल्पनेचं वैर निदान खान्देशात तरी सांगू नये. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांसाठी मठ काढल्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांनीच विचारलं होतं ना, की शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती तऱ्हांनी देता येतील? ३६,२८,८०० बिल्ड, बाई!

प्रश्न: आमच्यातला एक जण बोलतच नाही. फासा टाकतो, शेवभाजी खातो, घरी जातो. त्याला कसं खुलवू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: कशाला खुलवता? दर आठवड्याला येतो ना? ‘तुझं पात्र मनात काय म्हणतं’ असलं विचारून त्याला घाम फोडू नका. डावीकडे की उजवीकडे, दार फोडू की ठोठावू, एवढंच विचारा, आणि तेही अहिराणीत विचारलंत तर जास्त बरं. रस्सा तेवढा कॅरेक्टर शीटपासून लांब ठेवा.