अर्ज मुलीचा, अक्षर वडिलांचे

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षात असून आंतरराष्ट्रीय संबंध आणि फ्रेंच हे तिचे विषय आहेत. सीमेपलीकडून होणारी तस्करी रोखणाऱ्या एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तिला येत्या सुट्टीत इंटर्नशिप मिळावी, अशी आपली इच्छा आहे. गुणांची चिंता आपण पत्रात सविस्तर मांडली आहे, पण मला तिचे गुण कुठेच खटकले नाहीत. मला खटकले ते पत्राच्या मध्यावरचे एक वाक्य: ‘अर्जातील मनोगत मीच लिहून दिले आहे, तरीही तीन दिवस ती अर्ज उघडून नुसती बसते आणि पाठवत नाही, इतकी भित्री मुलगी अशा कामानेच धीट होईल.’

या वाक्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. आपण पाठवलेल्या मनोगतात ‘तस्करांना पकडणे हे माझे लहानपणापासूनचे ध्येय आहे’ असे तिच्या तोंडी घातले आहे, आणि पत्राच्या शेवटी मात्र आपणच लिहिता की हा विषय तिला आपण गेल्या वर्षी सुचवला. अशा अर्जांच्या अखेरीस ‘वरील माहिती खरी आहे’ हे उमेदवाराने स्वतः प्रमाणित करायचे असते. जो मजकूर स्वतःचा नाही त्याखाली संमती देताना जी तीन दिवस अडखळते, तिला मी भित्री म्हणणार नाही. आपल्या या पत्रात मुलीचा जो एकमेव निर्णय मला दिसला तो हाच आहे, आणि तो योग्य आहे. कागदावर लिहिलेले आणि आत प्रत्यक्ष असलेले जुळते की नाही, हे पाहण्यावर ज्या संस्थांचे सारे काम उभे आहे, तिथे जाण्याची सुरुवात दुसऱ्याने लिहिलेल्या मनोगताने व्हावी, हे मला अजिबात मान्य नाही.

आता गैरसमजाविषयी. आपल्या डोळ्यांपुढे छापे, पाठलाग आणि अटका आहेत. फ्रान्समधील लिऑं येथे मुख्यालय असलेल्या आणि 196 देश सदस्य असलेल्या इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेलाही कुणाला अटक करण्याचा अधिकार नाही. तिची रेड नोटीस ही हव्या असलेल्या व्यक्तीला शोधून तात्पुरते अटकेत ठेवावे, अशी सदस्य देशांच्या पोलिसांना केलेली विनंती असते आणि तिला किती कायदेशीर वजन द्यायचे हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना आणि व्हिएन्नातील संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेगारी कार्यालय यांचीही गोष्ट वेगळी नाही. माल अडवतात, उघडतात आणि जप्त करतात ते त्या त्या देशाचे अधिकारी, आपापल्या देशाच्या कायद्याने. आंतरराष्ट्रीय संस्था त्यांना प्रशिक्षण देते, एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचवते आणि सर्वांना एकाच पद्धतीने नोंदी करायला लावते. त्यामुळे धीटपणा यावा म्हणून मुलीला तिथे पाठवणे व्यर्थ आहे. तिथे इंटर्नच्या वाट्याला येतात ती टिपणे, तक्ते आणि बैठकांचे इतिवृत्त.

मात्र हे काम नीरस आहे असे कृपया समजू नका. वर उल्लेखलेल्या ब्रुसेल्स आणि व्हिएन्नाच्या दोन संस्थांनी 2004 मध्ये कंटेनर नियंत्रणाचा एक संयुक्त कार्यक्रम सुरू केला. बंदरातील प्रत्येक कंटेनर उघडणे शक्य नसल्यामुळे कोणता उघडायचा हे आधी कागद वाचून ठरवायचे, ही त्यामागची कल्पना आहे. समजा, कागदावर माल ‘प्लॅस्टिकची खेळणी’ असा लिहिला आहे. खेळणी जागा पुष्कळ व्यापतात आणि वजनाला हलकी असतात. त्याच कंटेनरचे वजन लाकडाच्या ओंडक्यांनी भरल्याइतके नोंदले असेल, तर अनुभवी अधिकाऱ्याचे बोट त्या ओळीवर थांबते. इंटर्नकडे असे जिवंत प्रकरण सोपवले जात नाही, हे खरे. तिच्यापुढे बहुधा जुन्या जप्तींच्या नोंदी येतात, ज्यात हस्तिदंताची जप्ती एका देशाने नगांत कळवलेली असते आणि दुसऱ्याने किलोत, आणि त्या दोन्ही एका तक्त्यात बसवायच्या असतात. हस्तिदंताचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराला दिलेला आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क क्रमांक, 0507 ने सुरू होतो, हे पाठ असण्यापेक्षा त्या शीर्षकाखाली शिंगे आणि कासवाचे कवचही येते, म्हणून नुसत्या कोडवरून हत्तीचा दात समजता येणार नाही, हे लक्षात येणे अधिक मोलाचे असते.

पात्रतेचे थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातील त्या कार्यालयाच्या इंटर्नशिपसाठी उमेदवार निदान पदवीच्या शेवटच्या वर्षात पोहोचलेला असावा लागतो, म्हणजे येत्या सुट्टीत आपली मुलगी तिथे पात्रच नाही. ती इंटर्नशिप विनावेतन असते, प्रवास आणि राहण्याचा खर्च स्वतः करावा लागतो आणि तिच्यामुळे नोकरीवर कोणताही हक्क निर्माण होत नाही. ‘कर्ज काढू, मग ती तिथेच कायम होईल’ ही आपली योजना त्यामुळे पायापासूनच चुकीची आहे. कर्ज काढू नका, कारण त्या कर्जाचे ओझे हप्ते सुरू होण्याआधीच तिच्या मनावर बसेल. ‘जागा निश्चित करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक पैसाही देऊ नका. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. प्रत्यक्ष तपास आणि अटकेचेच काम हवे असेल, तर आपल्या देशाच्या सीमाशुल्क, पोलीस किंवा तटरक्षक सेवेच्या भरती परीक्षा आपल्याला ठाऊक आहेतच.

पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर, आपण एक ओळ जोडली आहे: ‘तिला फ्रेंच कागदपत्रांची भाषांतरे करायला आवडते, पण त्यात काही भविष्य नाही.’ साऱ्या पत्रात मुलीची आवड सांगणारी ही एकच ओळ आहे आणि तिचे मोल आपल्याला उमगलेले नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या दोन अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत आणि इंटरपोलच्या चार अधिकृत भाषांतही फ्रेंच आहे. शिवाय या क्षेत्रात शब्दाच्या अर्थावर माणसाचे भवितव्य ठरते. आपणच पत्रात ‘मानवी तस्करी’ हा शब्द दोन वेगळ्या गुन्ह्यांसाठी वापरला आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2000 मध्ये स्वीकारलेल्या पालेर्मो कराराला, म्हणजे सीमेपार संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कराराला, या दोहोंसाठी दोन स्वतंत्र प्रोटोकॉल (पूरक करार) जोडलेले आहेत. पैसे घेऊन एखाद्याला बेकायदा सीमा पार करून देणे हा एक गुन्हा आहे, तर शोषणासाठी माणसाला फसवून किंवा धाकाने ताब्यात घेणे हा दुसरा, आणि त्यासाठी सीमा ओलांडलीच पाहिजे असेही नाही. मराठीत आपण दोहोंना तस्करीच म्हणतो. हा फरक अचूक भाषांतरित करता येणारी व्यक्ती अशा कार्यालयांना हवी असते. आपल्या मुलीला ते करायचे आहे का, हे मला ठाऊक नाही, कारण तिला कुणी विचारलेले दिसत नाही.

शेवटचे वर्ष सुरू होईपर्यंत आपल्या हाती वेळ आहे. तोवर हे मनोगत काढून टाका आणि अर्जातील ती जागा रिकामी ठेवा. हा पालेर्मो करार इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत उपलब्ध आहे. तो तिच्या हाती द्या आणि वाचून झाल्यावर काय वाटले एवढेच विचारा. या विषयात तिचे मन रमले नाही आणि तिने भाषांतराचा वेगळाच अभ्यासक्रम निवडला, तर तिला अडवू नका. रमले, तर मनोगत ती स्वतः लिहील. तो मजकूर कच्चा असला तरी मी तो आनंदाने वाचून देईन. मात्र तो तिने तिच्या नावाने पाठवावा, आणि त्याआधी आपण तो दुरुस्त करू नये.