घरात रोज नऊवारी नेसते, हे काही मानसिक तर नाही ना?

मी समुपदेशक आहे, आणि घरातल्या माणसाच्या कपड्यांवरून हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. कुणाचा मुलगा आजोबांचं धोतर नि बंडी घालून अभ्यासाला बसतो. कुणाची मुलगी सत्तरच्या दशकातले मोठ्या कॉलरचे शर्ट आणि बेलबॉटम कुठून कुठून शोधून आणते आणि घरभर तेच घालून वावरते. कुणाची बायको रोज नऊवारी नेसते. विचारणाऱ्याच्या आवाजात राग कमी आणि धास्ती जास्त असते. ठाण्यात ही धास्ती जरा जास्तच जाणवते. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि ‘याला ठाण्याला न्या’ हे वाक्य महाराष्ट्रभर एकाच अर्थानं वापरलं गेलंय. ठाण्यात वाढलेल्या माणसाला ते फार लवकर कळतं.

कोलशेत रोडवर राहणारं एक कुटुंब याच प्रश्नासाठी माझ्याकडे आलं. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा-बायको दोघंही आयटीत, पहिलीतली मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. पहिल्या भेटीला नवरा एकटाच आला. बायको आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात जाते, बाकीचे दिवस घरून काम. वर्षभरापासून ती घरी असली की नऊवारी नेसते. लग्नसमारंभात दिसते तशी शिवलेली, जरीची नव्हे. साधी सुती इरकल, लांब बाह्यांचं पोलकं किंवा खणाची चोळी, मानेवर अंबाडा.

‘‘पाडव्याच्या शोभायात्रेला नेसली तर मीच फोटो काढतो,’’ तो म्हणाला. ‘‘पण मंगळवारी सकाळी लॅपटॉपसमोर? उद्या ती त्याच काळात राहायला लागली तर?’’

रात्री जागून त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं आणि तीन आजारांची नावं फोनमध्ये लिहून आणली होती. बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली. दिवाळीला सगळे जमले असताना त्याची बहीण हसत म्हणाली होती, ‘‘बरंय, आपण ठाण्यातच राहतो. लांब न्यायला नको.’’ सगळे हसले, तोही हसला. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलते. हा अबोला त्याच्या लेखी आजाराचं चौथं लक्षण होतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हा अबोला साडीमुळे आलेला नाही, त्या वाक्यामुळे आणि तुमच्या हसण्यामुळे आलाय.

अशा वेळी मी कपड्यांबद्दल सगळ्यात शेवटी विचारते. आधी झोप, भूक, आंघोळ, काम, पैसे, मैत्रिणी, मुलांचं करणं. त्याच्या उत्तरांतून जे चित्र उभं राहिलं ते असं: ती वेळेवर झोपते, ऑफिसच्या दिवशी कुर्ता-जीन्स घालून निघते, घराच्या हप्त्याची तारीख तिच्याच लक्षात असते, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच आणते. गेल्या वर्षी तिला बढती मिळाली. मग बिघडलंय काय? मानसिक आजारांच्या बहुतेक निदानांत एक अट असतेच: त्या माणसाला स्वतःला लक्षणीय त्रास व्हायला हवा, किंवा कामाधामात, नात्यांत, रोजच्या जगण्यात अडथळा यायला हवा. केवळ वेगळं दिसण्याला, वेगळं राहण्याला आजार म्हणत नाहीत. आपल्याकडे तर हे कायद्यातच लिहिलेलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ नुसार, समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक कल्पनांशी कुणाचं वागणं जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. हे कलम मी त्याला वाचून दाखवलं. माझ्या अनुभवात घाबरलेल्या माणसाला नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा असा ठोस आधार लवकर पटतो.

पुढच्या आठवड्यात ती आली. खांदे वर ओढलेले, पर्स मांडीवर घट्ट. आपल्याला तपासायला आणलंय असंच ती धरून चालली होती. मी तिला इरकलीबद्दल विचारलं आणि पाचेक मिनिटांत पर्स बाजूला गेली. इरकल कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली, खणाचं गुळेदगुड्ड गावही त्याच जिल्ह्यातलं. इरकलीच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा लावतात आणि साडीच्या अंगाच्या ताण्याला फाशांनी जोडून घेतात, म्हणून ती जोडाची रेघ बोटाला लागते. हे ती हातवारे करत सांगत होती. तिच्या मावशीची चार लुगडी तिच्याकडे आली आणि नेसायलाही मावशीनंच शिकवलं: कमरेला गाठ कशी मारायची, निऱ्या किती घ्यायच्या, कासोटा मागे कुठं खोचला म्हणजे दिवसभर सुटत नाही. ज्या माणसाला आपल्या आवडीबद्दल इतकं नेमकं, इतक्या रसानं सांगता येतं, दुसऱ्याला शिकवता येतं, त्याच्याबद्दल मला काळजी कमी वाटते. आजारातली ओढ बहुतेक वेळा अशी मोकळी नसते. तिच्यात भीती असते, घाई असते.

तिनं कारणंही सांगितली. बाळंतपणानंतर एकही कुर्ता नीट बसेना. ट्रायल रूममधून रडत बाहेर पडण्याचे दिवस तिनं काढले होते. आठ मीटरच्या वर लांबीच्या लुगड्याला माप नसतं, ते अंगाला विचारत बसत नाही. मांडी घालून बसता येतं, माळ्यावर चढता येतं, मुलीमागे धावता येतं. घरून काम सुरू झाल्यापासून तोच टीशर्ट सकाळी नि तोच रात्री, दिवस कुठं सुरू झाला नि कुठं संपला हेच कळेनासं झालं होतं. आता आंघोळीनंतरची नेसायची दहा मिनिटं तिची एकटीची असतात. मी विचारलं, मग बाहेर का नाही नेसत? ती म्हणाली, ‘‘बाहेर नेसली की लोक फोटो मागतात. मग तो वेश होतो. घरात ते माझे कपडे असतात.’’

मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. एक गोष्ट मात्र मी तिच्यासमोर मांडली. ऑफिसच्या बैठकीत कॅमेरा सुरू करायची वेळ आली की ती घाईनं वरून जॅकेट चढवते, बेल वाजली की दार उघडायला नवऱ्याला पाठवते. म्हणजे लाज तिलाही वाटत होती, आणि ती लपवण्यात तिची बरीच शक्ती जात होती. खरं तर चेंदणी कोळीवाड्यातल्या जुन्या बायका लुगडं नेसूनच बाजारात बसल्या, त्यातच त्यांचा जन्म गेला. त्यांना कुणी समुपदेशकाकडे पाठवलं नाही. तेच कापड कोलशेतच्या टॉवरमध्ये लॅपटॉपसमोर बसलं की काळजीचा विषय होतं. हा फरक कापडातला नाही. आपण कुणाकडून काय अपेक्षा करतो, यातला आहे.

नवऱ्यानं एक लेख वाचला होता: कपड्यांनी माणसाचं डोकं बदलतं म्हणे. तो संदर्भ खरा होता. २०१२ मध्ये ॲडम आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी दाखवलं की डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातलेल्यांचं लक्ष चाचणीत जास्त राहिलं. पुढे त्यांच्या अभ्यासातला एक प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा मात्र तसा निकाल मिळाला नाही. कपड्यांनी चालणं-बसणं बदलतं, मनाची लय थोडी बदलते, हे आपण सगळेच अनुभवतो. पण नऊवारी नेसून कुणी १९३० सालात निघून जात नाही, एवढं मी त्याला निःशंकपणे सांगितलं.

तरी एक धागा सुटत नव्हता. घरात सगळ्यात जास्त विरोध सासूबाईंचा होता, आणि त्या काही बोलायला तयार नव्हत्या. नुसतं ‘‘बरं दिसत नाही’’ म्हणायच्या. सुनेला वाटे, ह्यांना तर जुन्याचा अभिमान हवा. मी त्यांना एकट्यांना बोलावलं. त्या साध्या सुती साडीत आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. मग सांगू लागल्या.

१९७४ साली लग्न होऊन त्या नौपाड्यातल्या एका कर्मठ घरात आल्या. माहेरी पाचवारी नेसत होत्या, वर्गातल्या सगळ्याच मुली नेसायच्या. सासरी पहिल्याच दिवशी हातात लुगडं ठेवलं गेलं. आमच्या घरात सुना हेच नेसतात, डोक्यावरून पदर घेतात, आणि विषय संपला. पुढे त्यांना बँकेत नोकरी लागली. घरातून लुगडं नेसून निघायच्या, स्टेशनजवळच्या मैत्रिणीकडे पाचवारी बदलायच्या, लोकल पकडायच्या आणि संध्याकाळी परत उलट. कितीतरी वर्षं. ‘‘सासूबाई गेल्यावर मी पहिल्यांदा घरात गाऊन घातला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जांभळी नाक्यावरून आणलेला, फुलाफुलांचा. आरशासमोर उभी राहिले नि मोकळी हसले. आणि ही आता हौसेनं ते नेसते. मी ज्यातून सुटायला एवढं केलं, तेच.’’

त्यांच्या मुलालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटतं, अशा घरांमध्ये खरं दुखणं बरेचदा इथं असतं. एका पिढीवर जे लादलं गेलं, ते पुढची पिढी आवडीनं उचलते, आणि दोघींचंही खरं असतं. सुनेला गाऊन म्हणजे कळकटपणा वाटतो, सासूला तो मोकळा श्वास वाटतो. दोघींपैकी एकीला मागासलेली किंवा आजारी ठरवून हा पेच सुटत नाही.

तिघांना एकत्र बसवलं तेव्हा सासूबाईंनी हे पुन्हा सांगितलं, या वेळी सुनेकडे बघून. सुनेनं विचारलं, ‘‘आई, मग मला बघून तुम्हाला त्रास होतो?’’ त्या म्हणाल्या, ‘‘होतो. रोज नाही. पण तू डोक्यावरून पदर घेतेस ना, तेव्हा होतो.’’ सुनेला त्या पदराचं काही विशेष नव्हतं, जुन्या फोटोंत बघून ती घ्यायची. तेवढं ती सोडायला लगेच तयार झाली. साडी सोडणार नाही, हेही तिनं तिथंच सांगितलं, आणि मला ते आवडलं. नवऱ्यावर मी एकच काम सोपवलं: बहिणीला फोन करून ते वाक्य पुन्हा बोलू नको म्हणून सांगायचं, आणि आपण हसलो याबद्दल बायकोची माफी मागायची. त्यानं दोन्ही केलं. ते सोपं नव्हतं त्याला.

मुलीचा प्रश्न छोटा पण खरा होता. खेळायला आलेल्या मैत्रिणीनं तिला विचारलं होतं, ‘‘तुझ्या मम्मीचा आज डान्स आहे का?’’ ती गोरीमोरी झाली आणि त्यानंतर मैत्रिणींना घरी बोलवेना. मुलांना अशा वेळी लांबलचक समजावणं नको असतं, तोंडात बसणारं एक उत्तर हवं असतं. तिघांनी मिळून ठरवलं: ‘‘नाही, मम्मीला आवडते ती साडी.’’ शिवाय आईनं तिला विचारावं की मैत्रिणी येतील तेव्हा मी काय घालू, आणि कधी कधी तिचं ऐकावं. लहान मुलाच्या संकोचालाही घरात जागा हवी.

काळजी करण्यासारखे प्रसंगही येतात. एक तरुण वारलेल्या वडिलांचेच शर्ट-पॅंट घालायचा. तेवढं अगदी स्वाभाविक. गेलेल्या माणसाचं कापड अंगावर असावंसं कुणालाही वाटतं. पण तो ते धुवायला देईना, कारण वास जाईल. वर्ष उलटलं, नोकरी सुटली, जेवण निम्म्यावर आलं, शर्ट बदल म्हटलं की अंगावर धावून यायचा. तिथं मी थांबले नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. लांबलेला शोक हे आता मान्य निदान आहे. मोठ्या माणसांसाठी २०२२ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत त्याची मुदत किमान बारा महिने आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा. त्याला उपचार मिळाले, आणि ते शर्ट आजही त्याच्या कपाटात आहेत, धुतलेले.

म्हणून घरच्यांना मी सांगते, कपड्यांकडे बघू नका, आजूबाजूला बघा. बदल अचानक झालाय का? सोबत झोप उडालीय, अंघोळ सुटलीय, बाहेर जाणं बंद झालंय? हे घालायचा हुकूम कुणीतरी देतंय असं ती व्यक्ती म्हणते? कर्ज काढून खरेदी चाललीय? गरज पडली तर ते कपडे बदलता येतात की नुसत्या विचारानंच तगमग होते? यातलं काही असेल तर वेळ न घालवता तज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं. यातलं काहीच नसेल, तर बोलायचं आहे ते आपल्या स्वतःच्या अस्वस्थतेबद्दल.

त्या घरात आता दार कुणीही उघडतं, बैठकीच्या वेळी जॅकेट चढत नाही. सासूबाईंना ती साडी अजून आवडत नाही आणि त्या तसं तोंडावर सांगतात. सून ऐकून घेते, आणि नेसते. पुढची भेट ठरवू का, असं मी विचारलं तर तिघंही नको म्हणाले.