वाचकांचे प्रश्न : इटालियन चिकन सूप गढूळ का होते?

प्रश्न : गेल्या वर्षी मी मुलाकडे बोलोन्याला राहिले असताना त्याच्या शेजारच्या आजींनी मला बारीक पास्ता घातलेले कोंबडीचे सूप दिले होते. ते सोनेरी आणि इतके नितळ होते की वाडग्याचा तळ दिसत होता. घरी मी कुकरमध्ये चार शिट्ट्या करते, तेव्हा सूप गढूळ होते. शिवाय पास्ता त्यातच शिजवला की तासाभराने वाडग्यात सूप उरतच नाही. माझे काय चुकते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण खाल्लेल्या सूपला इटलीत ‘पास्तिना इन ब्रोदो’ म्हणतात. पास्तिना म्हणजे इवलासा पास्ता आणि ब्रोदो म्हणजे मांसाचे निवळ पाणी. तापातून उठलेल्या माणसापुढे आपण मऊ भात ठेवतो, त्याच मायेने तिथे आजाऱ्यांना आणि लहान मुलांना हे सूप दिले जाते. त्यात लपवायला मसाला नसतो, त्यामुळे सगळी चव ब्रोदोवर अवलंबून असते, आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे.

शिट्टी होते तेव्हा कुकरमधला दाब एकदम उतरतो आणि आतले पाणी खदखदून उसळते. त्या घुसळणीत कोंबडीची चरबी आणि प्रथिनांचे कण पाण्यात इतके बारीक मिसळतात की नंतर ते गाळूनही निघत नाहीत. म्हणून या सूपसाठी कुकर बाजूला ठेवून उंच, जाड बुडाचे पातेले घ्यावे. म्हातारी कोंबडी चांगला ब्रोदो देते अशी इटालियन म्हणच आहे, तेव्हा शक्य असल्यास सव्वा किलोची जून गावठी कोंबडी आणावी आणि ती कातडीसकट, मोठे तुकडे करून द्यायला दुकानदाराला आवर्जून सांगावे. मान आणि साफ केलेले पायही टाकून देऊ नयेत. ३ लिटर गार पाण्यात हे सर्व घालून मंद आचेवर ठेवावे. १८९१ मध्ये आपला पाककृतींचा ग्रंथ छापताना पहिली कृती ब्रोदोचीच देणारे पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनीही मांस गार पाण्यात घालून अगदी हळूहळू शिजवायला सांगितले आहे.

पाणी तापू लागले की वर करडा फेस जमतो. तो झाऱ्याने धीराने काढत राहावे आणि फेस थांबल्यावरच एक सोललेला कांदा, एक गाजर, सेलरीचे एक देठ आणि चार-पाच मिरी दाणे अख्खेच घालावेत. आपल्याकडच्या अळणी रश्श्याशी याचे जवळचे नाते असले, तरी यात हळद, आले किंवा लसूण घालू नये, कारण त्यांच्यापुढे सेलरी आणि गाजराचा हलका गोडवा टिकत नाही. यानंतर आच इतकी कमी करावी की पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा. झाकण अर्धवट ठेवून जून कोंबडी अडीच ते तीन तास, ब्रॉयलर असल्यास दीड तास शिजू द्यावी. मीठ शेवटी घालावे, कारण पाणी आटत जाते. नंतर ढवळाढवळ न करता पळीपळीने काढून ओल्या मलमलीच्या फडक्यातून गाळावे. फडके पिळू मात्र नये.

आता पास्ता. स्तेल्लिने म्हणजे चांदण्या, आचिनी दि पेपे म्हणजे मिरीएवढे दाणे, किंवा तांदळासारखा दिसणारा ओर्झो, यांपैकी काहीही चालेल. शिजल्यावरही पास्त्यातील पिष्ट पाणी शोषतच राहते, म्हणून जेवायला बसायच्या वेळी, माणशी ३०० मिलीलिटर ब्रोदो वेगळ्या भांड्यात उकळून त्यात साधारण ४० ग्रॅम पास्ता घालावा. बहुतेक प्रकार पाच-सहा मिनिटांत शिजतात, तरी पाकिटावरची वेळ पाहावी. वरून किसलेले पार्मिजानो चीज भुरभुरावे. त्याची कडक कड उरली असेल, तर ती खरवडून ब्रोदोच्या शेवटच्या अर्ध्या तासात पातेल्यात सोडावी. तिने येणारी खारट-खमंग चव मला स्वतःला फार आवडते.

प्रश्न : असेच सूप करून फ्रीजमध्ये ठेवले, तर सकाळी ते जेलीसारखे थरथरत होते. ते खराब झाले होते का? मी फेकून दिले. (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, ते उत्तम जमले होते. कातडी, सांधे आणि पाय यांतील कोलॅजेन मंद आचेवर विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि गार झाल्यावर ते घट्ट बसते. पायाचे सूप थिजते ते याच कारणाने. वर साचलेला पिवळा थर चरबीचा असतो. तो चमच्याने उचलून घ्यावा, पण थोडा राहू द्यावा, कारण सूपच्या वाडग्यात दिसणारे सोनेरी थेंब त्याचेच असतात. गाळलेले सूप दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये ठेवल्यास तीन दिवस, तर फ्रीझरमध्ये दोन महिने चांगले राहते. फक्त त्यात पास्ता घातलेला नसावा.