शस्त्र परवाना : वाचक विचारतात

शस्त्र परवान्यावर पुणे शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. नावे गाळून फक्त गाव किंवा भाग दिला आहे. उत्तरांत 'कायदा' म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि 'नियम' म्हणजे शस्त्र नियम, २०१६. कायद्यातली मोठी दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. जुन्या माहितीवर चालणारे बरेच जण तिथेच अडखळतात.

माझे सराफीचे दुकान आहे. रात्री रोकड घेऊन घरी यावे लागते. रिव्हॉल्व्हरचा परवाना काढायचा आहे. एजंट म्हणतो, सगळे मी बघतो. अर्ज कुठे आणि कसा करायचा? (वाकड)

आधी हद्द पाहा. वाकड, हिंजवडी, चाकण, तळेगाव हा भाग पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे. हे आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून सुरू झाले. शेजारचे बाणेर मात्र पुणे शहर आयुक्तालयात येते. लोणीकंद आणि लोणी काळभोर पूर्वी ग्रामीणमध्ये होते, २०२१ पासून शहरात आहेत. दोन्ही आयुक्तालयांच्या बाहेरच्या जिल्ह्यासाठी जिल्हाधिकारी परवाना देतात. दुकान एका हद्दीत आणि घर दुसऱ्या हद्दीत असेल तर अर्ज सहसा राहत्या पत्त्याच्या हद्दीत करायचा. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिना-दोन महिने पडून राहतो आणि मग परत येतो.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा. त्यासोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना एस-३), शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र (नमुना एस-१) आणि शस्त्र घरी नीट कुलूपबंद ठेवण्याची हमी लागते. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. परवाना मंजूर झाला की त्यावर युनिक ओळख क्रमांक असतो, म्हणजे सगळे 'यूआयएन' म्हणतात तो. हा क्रमांक नसलेला परवाना आज ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे कुणी 'बाहेरच्या राज्यातून तयार परवाना' आणून देतो म्हणाला, तर त्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवा.

खरा कस लागतो तो कारणाच्या रकान्यात. 'जिवाला धोका आहे' एवढ्या एका ओळीवर अर्ज सहसा निकाली निघतो, तोही नकारात. किती वाजता दुकान बंद होते, कोणत्या रस्त्याने जाता, रोकड व माल साधारण किती असतो, विमा आहे का, पूर्वी लुटीचा प्रयत्न झाला असेल तर त्याचा गुन्हा क्रमांक, हे सगळे लिहा. जीएसटी नोंदणी आणि दुकानाचा परवाना जोडा. पोलीस ठाण्याचा माणूस चौकशीला आल्यावर तोंडी उत्तर आणि कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुना गुन्हा, अगदी सोसायटीतल्या भांडणाची अदखलपात्र तक्रारसुद्धा, लपवू नका. ती अहवालात येतेच, आणि मग मूळ तक्रारीपेक्षा लपवल्याचा फटका मोठा बसतो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. बँकेतले आकडे फुगवून दाखवण्याची काही गरज नाही.

नियमांप्रमाणे पोलिसांच्या अहवालाला ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून अर्जाची पोच आणि चौकशीची तारीख लिहून ठेवा. नकार आला तर कारणांची लेखी प्रत मागा. अपील ३० दिवसांत करायचे: आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे.

परवाना हाती आल्यावर नागरिकांसाठी खुल्या असलेल्या बोअरचेच, म्हणजे नळीच्या मापाचेच, शस्त्र मिळते. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलात हे बहुधा .३२ असते. ९ मिमी पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये येते, ते सामान्य परवान्यावर मिळत नाही. दुकानातून निघण्यापूर्वी शस्त्रावरचा क्रमांक आणि परवान्यावर लिहिलेला क्रमांक स्वतः अंकन्‌अंक वाचा. ३ चा ८ झाला तर पुढच्या नूतनीकरणात तुमच्याकडे 'दुसरेच शस्त्र' निघते. दुकानदार हसला तरी चालेल, दोनदा वाचा.

वडील वारले. त्यांची बारा बोअरची दुनळी आठ महिने कपाटात आहे. परवाना त्यांच्याच नावाचा होता. आता काय करावे? (सदाशिव पेठ)

आजच हालचाल करा. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेला की ती बंदूक घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही ताब्यात विनापरवानाच ठरते. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र दुकानात जमा करायची असते. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे शिक्षा आहे. आपणहून जमा करणाऱ्या वारसाकडे पोलीस सहसा गुन्हेगार म्हणून पाहत नाहीत. पण वर्ष-दोन वर्षांनी घराची झडती वेगळ्याच कारणाने होते आणि बंदूक सापडते, तेव्हा 'वडिलांची आठवण' हा खुलासा फारसा उपयोगी पडत नाही.

नेताना बंदूक रिकामी, शक्य असल्यास नळ्या आणि दस्ता सुटे करून, पूर्ण झाकलेल्या पिशवीत न्या. सोबत मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला घ्या. त्याहून बरे म्हणजे आधी ठाण्याला फोन करून किंवा जाऊन सांगणे. मग तेच वेळ देतात. काडतुसेही सोबत न्या आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बनावट, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या. 'एक बंदूक जमा' अशी पावती घेऊन येऊ नका. दोन वर्षांनी गंजलेल्या नळ्या परत मिळाल्या तर बोलायला कागद हवा. शस्त्र दुकानात ठेवल्यास महिन्याचे भाडे पडते, पण तेलपाणी होते. बंदूक बरी असेल तर हाच मार्ग चांगला.

मग वारस म्हणून नव्या परवान्याचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमतीपत्रे लागतात. एका बहिणीची सही राहिली म्हणून वर्षभर अडकलेली प्रकरणे पुष्कळ असतात. वारसालाही दोन शस्त्रांचीच मर्यादा आहे. पूर्वी तीन चालत. ज्यांच्या वडिलांची शस्त्रे अजून जागेवर आहेत त्यांच्यासाठी एक सूचना: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे राहिले, यांपैकी जे आधी होईल तेव्हापासून हयातीतच वारसाच्या नावे ते देता येते. बहुतेक कुटुंबे हा मार्ग वापरतच नाहीत.

परसातली माकडे हाकलायला छऱ्याची बंदूक घेतली तर परवाना लागेल का? (वारजे)

.१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअर आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र व पत्ता घेऊन नोंद करतो. यापेक्षा मोठा बोअर किंवा जास्त ताकद असली की परवाना आला. मात्र ती माकडांवर चालवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा या दोन्हींत अडकाल. छरा डोळ्यात गेला तर काय होते हे वेगळे सांगायला नको.

रानडुकरे भात आणि भुईमूग उपटून टाकतात. पीक संरक्षणाचा परवाना मिळतो म्हणे. मग डुक्कर मारता येते का? (वेल्हे)

पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. त्याचा अर्ज तुमच्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. सातबारा, नुकसानीचे पंचनामे आणि वनहद्दीपासून शेताचे अंतर जोडा. पण हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, शिकारीचा नाही. रानडुकराला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे, आणि त्याला मारायचे तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी स्वतंत्र लागते. ती नसताना बार टाकलात तर वनगुन्हा होतो आणि बंदूकही जाते. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच द्या. पंचनामा ओल्या मातीतच नीट होतो, पावलांचे ठसे आणि उपटलेली झाडे दिसतात.

माझी रायफल पुतण्याला विकायची आहे. त्याच्याकडे परवाना आहे. दुकानदारामार्फतच जावे लागेल का? (शिरूर)

नाही. कलम ५ तुम्हाला स्वतःचे शस्त्र परवानाधारकाला विकू देते. अट एकच: विक्रीचा हेतू आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबा. पोच घ्या, कारण ४५ दिवस त्याच तारखेपासून मोजतात. पुतण्याच्या परवान्यात त्या प्रकारच्या शस्त्राची मंजुरी आणि जागा आहे ना ते आधी पाहा. बारा बोअर मंजूर असलेल्याला .३१५ रायफल देता येत नाही. व्यवहार झाल्यावर दोन्ही परवान्यांवर नोंद करून घ्या. पुतण्याच्या परवान्यावर ती चढते, पण काकाच्या परवान्यावरून खोडली जात नाही. हे नेहमीचे. मग नूतनीकरणाला काकाकडे कागदावर एक रायफल 'बेपत्ता' असते.

आमचे सीएनसी वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाईकाने रेखाचित्र देऊन नळीसारखा भाग आणि ट्रिगरचे सुटे भाग करून मागितले आहेत. संपूर्ण शस्त्र नाही, फक्त भाग. अडचण येईल का? (भोसरी)

येईल, आणि मोठी. कायद्याच्या व्याख्येत 'बंदूक' म्हणजे तिचे सुटे भागही आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही. कलम ५ प्रमाणे निर्मितीबरोबर रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणीलाही परवाना लागतो. म्हणजे परवानाधारक मित्राच्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग बदलून देणेसुद्धा दुरुस्तीच. विनापरवाना निर्मिती वा विक्रीला २०१९ नंतर किमान सात वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. 'मला वाटले पंपाचा भाग आहे' हे म्हणायला रेखाचित्रच आडवे येते, कारण त्यावर तुमच्याच माणसाने सही केलेली असते.

गिऱ्हाईक खरोखर परवानाधारक उत्पादक असेल तर त्याच्याकडे केंद्रीय गृह मंत्रालयाचा निर्मिती परवाना असतो. त्याची प्रत, त्यातले शस्त्राचे प्रकार आणि बाहेरून भाग करून घेण्याची मुभा वकिलाकडून तपासून घ्या, तोवर एकही तुकडा कापू नका. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर ऑर्डर परत करा आणि ठाण्यात लेखी कळवा.

कायदेशीर निर्मितीत प्रत्येक नळीची जादा दाबाने चाचणी होते, ठसा मारला जातो, निर्मात्याचे नाव आणि अनुक्रमांक कोरला जातो. गावठी कट्ट्यात यातले काहीच नसते. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे त्याचे कुप्रसिद्ध ठिकाण, जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून. पुणे पोलिसांच्या तपासाचे धागे तिथवर गेलेले आहेत. अशी नळी कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटते, कारण तिच्या पोलादाने किती दाब सोसायचा हे कुणी मोजलेलेच नसते. क्रमांक घासलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो घासला असे कलम ८ धरून चालते. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे.

जुन्या काडतुसांचे काय करावे? (खडकी)

कागदी नळकांड्यांची बारा बोअरची काडतुसे पावसाळ्यात फुगतात आणि नळीत अडकतात. प्लास्टिकची फुगत नाहीत, पण पितळेवर हिरवे चढलेले काडतूस तसेही वापरू नये. त्यावर तुमच्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा 'केएफ' ठसा असला तरी. ती कचऱ्यात किंवा नदीत टाकू नका, ठाण्यात यादी देऊन जमा करा. परवान्यावर दोन आकडे असतात, एका वेळी किती आणि वर्षात किती. दोन्ही पाळायचे. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, लगेच उघडू नका.

लग्नात हवेत एक बार काढला तर? परवाना आहे. (हडपसर)

दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय परवाना रद्द.

निवडणूक आली की सगळ्यांनीच शस्त्र जमा करायचे का? (बारामती)

सरसकट नाही. छाननी समिती परवाने पाहून ठरवते: जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी निवडणुकीत दंगलीत सापडलेले. नोटीस आली तर मुदतीत जमा करा. नेमबाज खेळाडू आणि बँकेचे सुरक्षारक्षक यांनी सूट मागताना संघटनेचे किंवा बँकेचे पत्र जोडावे. निकालानंतर शस्त्र परत घ्यायला पावती लागते. ती परवान्यातच टाचून ठेवा.

घरात दसऱ्याला पुजायची तलवार आहे. आणि नारळाचा कोयता? (कसबा पेठ)

नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे हत्यार नियमांच्या यादीत येते, घरकाम व शेतीची अवजारे सोडून. नारळवाल्याचा कोयता गाडीवर असेल तर अवजार. तोच रात्री दुचाकीवर, शर्टाच्या आत असेल तर कलम ४ आणि २५, सोबत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची ३७(१)(३) व १३५. पुण्यातल्या गुन्ह्यांच्या नोंदींत ही कलमे जोडीनेच येतात. तलवार देवघरात ठेवा, मिरवणुकीत आणि केकवर नको.

परवान्याचे नूतनीकरण कधी करायचे? (औंध)

मुदत आता पाच वर्षांची आहे, पूर्वी तीन होती. संपण्याच्या किमान ६० दिवस आधी अर्ज द्या. शस्त्र प्रत्यक्ष दाखवावे लागते. मुदत संपलेल्या दिवसापासून ते विनापरवाना ठरू शकते, म्हणून उशीर झालाच तर आधी शस्त्र जमा करा आणि मग अर्ज भरा.