तेल लावू का, हे आधी विचारा

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. गेल्या जूनमध्ये त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. ती कृष्णवर्णीय अमेरिकन, शाळेत शिकवते, बोलायला फार गोड. डिसेंबरात दोघं मिरजेला येतायत, सत्यनारायण आणि छोटं रिसेप्शन ठेवलंय. फोनवर मी सहज म्हटलं, आली की तेल लावून न्हाऊ घालीन तिला. मुलगा पटकन म्हणाला, "आई, तिच्या केसांना हात लावू नकोस हं." मला ते लागलं. माझी जाऊ म्हणते, फोटो चांगले यावेत म्हणून पार्लरमध्ये तिचं स्मूदनिंग करून, म्हणजे केस सरळ करून घेऊ. एका फोटोत तिचे केस लांब, सरळ होते, पुढच्यात एकदम बारीक वेण्या. ते केस खरे की खोटे? आणि रंगावरून बोलणाऱ्यांना काय सांगू?
— एक सासू, मिरज (नाव छापू नये)

उत्तर : तुम्हाला लागणारच. आपल्याकडे सुनेला न्हाऊ घातलं की ती घरची झाली. पण मुलाचं वाक्य अर्धवट राहिलं. त्याला म्हणायचं होतं, "न विचारता लावू नकोस."

मी न्यू जर्सीतल्याच न्यूअर्कच्या एका हॉस्पिटलात सव्वीस वर्षं नर्स होते. पहिल्याच हिवाळ्यात, रात्रपाळीला, शेजारच्या नर्सच्या नव्या वेण्या बघून मी कौतुकानं हात घातला. ती हसली नाही. "मी काय मांजर आहे?" म्हणाली. मला दोन दिवस राग होता. पुढे ती मैत्रीण झाली, आणि मग कळलं की दुकानात, बसमध्ये, ऑफिसात अनोळखी माणसं असाच हात घालतात. जिच्या पणजीच्या देहावर मालकाचा कागदोपत्री हक्क होता, तिला तो हात कसा लागत असेल, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

हा जाच जुना आहे. अमेरिकेतलं आजचं लुइझियाना राज्य स्पेनच्या ताब्यात होतं तेव्हा, १७८६ साली, गव्हर्नर मिरो यांनी हुकूम काढला : स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय बायकांनी केसांत पिसं-दागिने माळायचे नाहीत, डोकं फडक्यानं बांधायचं. बायकांनी बांधलं, पण असं रंगीत आणि उंच, की तीच फॅशन झाली! १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात विमान कंपनीतली एक कर्मचारी बारीक वेण्यांवरच्या बंदीविरुद्धचा खटला हरली. निकालात काय नोंदवलं, तर एका गोऱ्या नटीनं सिनेमात तशा वेण्या घातल्यावर लगेचच ही त्या घालून कामावर आली. आफ्रिकेतल्या बायका पिढ्यानपिढ्या ज्या वेण्या घालतात, त्यांचं श्रेय नटीला! असा भेदभाव रोखणारा 'क्राउन' कायदा कॅलिफोर्नियानं सगळ्यांत आधी केला, २०१९मध्ये, आणि त्याच डिसेंबरात न्यू जर्सीनं. म्हणजे तुमची सून वेण्या घालून वर्गात उभी राहते, त्याला कायद्याचं कवच मिळून दहा वर्षंही झालेली नाहीत.

तेलाशी मात्र तिचं वैर नसावं. डोक्यात सुटणारं तेल सरळ केसांवरून टोकापर्यंत उतरतं, स्प्रिंगसारख्या केसांत ते मुळाशीच राहतं आणि टोकं कोरडी पडतात. माझी मैत्रीण एरंडेल लावायची, तेही एरंडी भाजून काढलेलं, काळपट, जमैकाचं. (एरंडेल म्हटल्यावर मला आधी जुलाबच आठवला.) केस धुणं हा तिचा अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम. ओल्या केसांना कंडिशनर, मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकांपासून हळूहळू वर. आपली फणी कोरड्या केसांत चालवलीत तर केस तुटतील. वेण्या घालायला सहा-आठ तास लागतात, त्यामुळे त्या घालून आली तर त्या आठवड्यात न्हाणं विसरा. रात्री सॅटिनची टोपी घालून झोपली तर आजारी आहे असं समजू नका.

जाऊबाईंना स्पष्ट नाही म्हणा. फोटोचं सोडा, मी नर्स म्हणून सांगते. अमेरिकेत ३३,००० हून अधिक बायकांना सुमारे अकरा वर्षं तपासत राहून केलेला अभ्यास २०२२मध्ये आला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज निघाला. कारण सिद्ध झालंय असं नाही, पण एका अल्बमसाठी मी तरी तो डबा उघडणार नाही.

खरे की खोटे? लांब सरळ केस बहुधा विणून लावलेले असतील, म्हणजे केस खरेच, फक्त दुसऱ्या कुणाचे. तुमच्याकडची किती माणसं बालाजीला केस देऊन येतात! देवस्थान त्यांचा लिलाव करतं, व्यापारी ते परदेशी पाठवतात, आणि तिथे कृष्णवर्णीय बायकाही ते विकत घेतात. कुणी सांगावं, जाऊबाईंचेच असतील.

आता रंग. माझ्या स्थळाच्या कागदावर वडिलांनी 'वर्ण गव्हाळ' लिहिलं होतं. मी गव्हाळ नाही, हे त्यांनाही दिसत होतं. तेव्हा "रंगानं डावी आहे, पण नाकीडोळी नीटस" हे वाक्य तुमच्या दिवाणखान्यात येणार, हे धरूनच चाला. ते आलं की तुम्हीच तोडा, तिथल्या तिथे आणि मराठीत. मुलाला मधे उभं करून भाषांतर करायला लावू नका. घरातलं कुणी म्हातारं माणूस 'निग्रो' म्हणत असेल तर त्यालाही आधीच सांगून ठेवा. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा तो शब्द चालत होता, आता चालत नाही.

येत्या रविवारी मुलाला नाही, तिलाच फोन करा. तेल लावलेलं आवडेल का, कुठलं, की नुसतं पायांना लावू, असं विचारा. आणि फुलांचंही विचारून घ्या. डिसेंबरात मोगरा मिळायचा नाही, पण शेवंतीची वेणी मिळेल. अंबाड्याला ती छान बसते. यू-पिना मात्र मोठ्या आणा, आपल्या नेहमीच्या त्या केसांत हरवतात.